डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड: आयआरक्यू बदलला, एसएमपीएस बदलला, तरी रीडिंग मध्येच थांबतं

लोहचुंबक | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आठवडाभर एकाच कार्डाशी झगडते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्प्रिंग दाबून आणि ताणून तपासण्याचं एक यंत्र आहे. त्यावरचे चार सेन्सर अ‍ॅम्प्लिफायरमार्फत एका आयएसए कार्डाला (पीसीच्या जुन्या स्लॉटचं, सेन्सरच्या व्होल्टेजचे आकडे करणारं) जोडलेले आहेत. कार्ड ८ बिट स्लॉटचं, १६ चॅनेल, १२ बिट, ±१० व्होल्टचं. प्रोग्रॅम डॉसवर चालतो, टर्बो सीमधला आहे आणि सुदैवाने सोर्स हाताशी आहे. सेकंदाला एकूण ५,००० सॅम्पल. पत्ता ३०० हेक्स, जंपर आयआरक्यू ७ वर (आयआरक्यू म्हणजे कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती इंटरप्ट लाइन).

जुना मदरबोर्ड गेला. आयएसए स्लॉट असलेला इंडस्ट्रियल मदरबोर्ड मिळाला, त्याला नवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) लावला. तेव्हापासून तीन तक्रारी आहेत:

कधी दोन मिनिटांत, कधी चाळीस मिनिटांत रीडिंग यायचं थांबतं. प्रोग्रॅम अडकत नाही, स्क्रीन चालू असते, फक्त नवीन आकडा येत नाही.

फाईलमध्ये मधूनच एकच आकडा लागोपाठ दोनदा दिसतो.

आणि स्प्रिंग ताणताना, म्हणजे ऋण बाजूला, आलेख खाली जाता जाता एकदम सपाट होतो. दाबताना मात्र +१० पर्यंत व्यवस्थित जातो.

जंपर ५ वर नेऊन पाहिला, प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाईलमध्येही ५ केलं. मग एकही सॅम्पल आलं नाही, म्हणून परत ७ वर आणला. त्याच प्रकारचा दुसरा एसएमपीएस लावला, काही फरक नाही. सुरुवात कुठून करू?

---

टोकदार | सोमवार, रात्री १०:०५

पीसीआय एक्स्प्रेसचं नवं कार्ड घ्या. तिथे एमएसआय असतं, इंटरप्टसाठी वेगळी तारच नाही, कार्ड मेमरीत एक शब्द लिहितं आणि काम होतं. जंपर नाही, भांडण नाही. २०२६ च्या आसपास आयएसएवर वेळ घालवण्यात अर्थ दिसत नाही.

---

लोहचुंबक | सोमवार, रात्री १०:२०

@टोकदार, ते कधीतरी करावंच लागणार हे मान्य. पण यंत्राची सगळी कॅलिब्रेशन पद्धत या प्रोग्रॅमभोवती बांधलेली आहे. नवं कार्ड म्हणजे नवा ड्रायव्हर, नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणि मग सगळ्या चाचण्या पहिल्यापासून सिद्ध करायच्या. तोवर यंत्र बंद ठेवता येणार नाही.

---

जुनं_वळण | सोमवार, रात्री ११:१५

लोहचुंबक, तुमच्या तीन तक्रारी म्हणजे बहुधा तीन वेगळे दोष आहेत. तुम्ही त्यांना एकाच दोषाची तीन रूपं समजून कधी जंपर, कधी एसएमपीएस बदलता आहात. एक दोष गेला तरी बाकीचे दोन तसेच राहतात, मग वाटतं की बदलाचा उपयोगच झाला नाही. आधी ते वेगळे करूया.

आयआरक्यूपासून सुरू करतो.

८ बिट कार्डाच्या कडेला ६२ संपर्क असतात. आयआरक्यू १०, ११, १२, १४, १५ या लाइन मागच्या ३६ संपर्कांच्या जोड-स्लॉटवर आहेत, म्हणजे तुमच्या कार्डाला त्या दिसतच नाहीत. हाती उरतात २ ते ७. त्यातल्या ३ आणि ४ वर सिरियल पोर्ट, ६ वर फ्लॉपी, ७ वर पॅरलल पोर्ट. २ चा जंपर लावला तर प्रोग्रॅममध्ये ९ धरावा लागतो, कारण १९८४ च्या पीसी-एटीपासून २ नंबरवर दुसरा इंटरप्ट कंट्रोलर जोडलेला आहे आणि स्लॉटची ती पिन ९ कडे वळवली आहे. म्हणून ५ हीच तुमची जागा, आणि तुमचा अंदाज बरोबर होता.

मग ५ वर काहीच का आलं नाही? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. पीएनपी-पीसीआयच्या (पीसीआय म्हणजे आयएसएनंतरचा स्लॉट) पानावर प्रत्येक आयआरक्यूसमोर 'लेगसी आयएसए' किंवा 'रिझर्व्हड' असा पर्याय असतो. तो दिला नसेल तर बायोस मोकळा दिसलेला ५ एखाद्या पीसीआय उपकरणाला देऊन टाकतो, बहुतेक वेळा लॅनला. आयएसए कार्ड इंटरप्ट मागतं ते लाइन खालून वर जाताना, एका कडेवर. पीसीआयची मागणी पातळीवर चालते. लाइन पीसीआयला दिली की बायोस ती लेव्हलवर टाकतं, आणि मग आयएसए कार्डाने तिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. कॉम्प्युटर सुरू होताना स्क्रीनवर पीसीआय उपकरणांचं टेबल येतं, त्यात ५ कोणासमोर आहे ते वाचा. पॉज कळ दाबली की ते स्क्रीनवर थांबतं.

एक आकडा दोनदा येतो त्याचं कारण मला ७ मध्येच दिसतं. ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलरचा स्वभाव असा, की एखादी लाइन क्षणभर वर गेली आणि प्रोसेसरने विचारेपर्यंत परत खाली आली, तर 'कोणी हाक मारली' याचं उत्तर तो '७' असंच देतो. मग ती ठिणगी ३ वरची असो की ५ वरची. तुमचं रुटीन (इंटरप्ट आल्यावर धावणारा प्रोग्रॅमचा भाग) ७ वरच बसलेलं आहे, त्यामुळे खोटी हाकही तेच घेतं. तेव्हा कार्डात नवीन सॅम्पल नसतं आणि मागचाच आकडा परत वाचला जातो.

खरी आणि खोटी हाक ओळखायची असेल तर रुटीनच्या सुरुवातीला पोर्ट २० हेक्सवर ०बी हेक्स लिहा आणि तेच पोर्ट वाचा. सर्वांत वरचा बिट शून्य असेल तर हाक खोटी. काही वाचू नका, ईओआयही (काम संपल्याचा कंट्रोलरला निरोप) पाठवू नका, तसेच परत फिरा.

५ वर जाताना प्रोग्रॅममध्ये दोन जागा बघा: व्हेक्टर (कोणत्या हाकेला कोणतं रुटीन ते ठरवणारा क्रमांक) ०डी हेक्स हवा (७ साठी तो ०एफ असतो), आणि पोर्ट २१ हेक्सवरच्या मास्कमध्ये (कोणत्या लाइन बंद ते सांगणाऱ्या बिटांमध्ये) पाचवा बिट शून्य हवा, म्हणजे वाचलेल्या किमतीला डीएफ हेक्सने अँड करायचं. पुष्कळ जुन्या प्रोग्रॅममध्ये कॉन्फिग फाईल व्हेक्टर बदलते, पण मास्क मात्र आत पक्का लिहिलेला असतो.

थांबण्याबद्दल रुटीन बघितल्याशिवाय बोलणार नाही. इथे टाका.

---

सोल्डरगन | मंगळवार, सकाळी ७:५०

ऋण बाजूचं सपाट होणं माझ्या पट्ट्यातलं आहे. त्याचा आयआरक्यूशी संबंध नाही. इंटरप्ट चुकला तर सॅम्पल गाळलं जाईल, पण आकडा एकाच उंचीवर कापला जाणार नाही.

मल्टिमीटर घ्या. स्लॉटच्या बी बाजूला, मागच्या पट्टीकडून मोजत तिसरी पिन +५, सातवी −१२, नववी +१२. स्लॉटमध्ये प्रोब घालू नका, शेजारच्या पिनला टेकला तर कार्ड जाईल. कार्डावर त्या पिनांपासून निघणारे फिल्टरचे कपॅसिटर शोधा आणि तिथे मोजा. यंत्र पूर्ण जोडलेलं आणि चालू असताना मोजा, रिकाम्या कॉम्प्युटरवर घेतलेलं माप इथे कामाचं नाही.

दुसरं, चॅनेल ० वरून सेन्सर काढा. आधी टर्मिनलवरच इनपुट ग्राउंडला शॉर्ट करून आकडा लिहून घ्या. मग ९ व्होल्टची नवी बॅटरी उलटी जोडा आणि मीटर व स्क्रीन शेजारी शेजारी वाचा.

आणि मला सांगा, ते चार अ‍ॅम्प्लिफायर वीज कुठून घेतात?

---

लोहचुंबक | मंगळवार, रात्री ८:३०

सगळं केलं. आकडे देते.

टेबलमध्ये ५ समोर लॅन होतं, जुनं_वळण काकांनी म्हटल्याप्रमाणेच. बायोसमध्ये ५ राखून ठेवला, लॅन आपोआप ११ वर गेलं. मास्क प्रोग्रॅममध्ये ७ साठी पक्का लिहिलेला निघाला. तो दुरुस्त करून जंपर ५ वर लावला आणि सॅम्पल यायला लागली! दोन तास चालवलं (मध्ये तीनदा थांबलं, दर वेळी पुन्हा सुरू केलं), पण एकही आकडा दुहेरी आला नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा एक गोष्ट सरळ झाली.

इनपुट शॉर्ट केल्यावर आकडा ० आणि −१ पायरीच्या मध्ये. उलटी बॅटरी: मीटरवर −९.३१ व्होल्ट, स्क्रीनवर −८.६२. बॅटरी सुलटी केली तर दोन्हीकडे ९.३१ आणि ९.३०.

कपॅसिटरवर +५.०४, +१२.१, आणि ऋण बाजूला −१०.३.

अ‍ॅम्प्लिफायरांना ±१२ कार्डाच्या मागच्या कनेक्टरवरूनच जातं. पहिल्यापासून तसंच आहे.

---

सोल्डरगन | मंगळवार, रात्री ९:१०

मग दोष तिथेच आहे. एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएसच्या मानकाच्या) नियमाने −१२ ला १० टक्के सूट असते, म्हणजे −१०.८ पर्यंत चालतं. तुमचं −१०.३ त्याच्याही खाली गेलंय. कार्डावरचा ऑप-अँप (सिग्नल हाताळणारी अ‍ॅम्प्लिफायर चिप) आपल्या सप्लायच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, जुन्या जातीचे तर दीड-दोन व्होल्ट अलीकडेच थांबतात. −१०.३ मधून १.७ गेले की उरले −८.६. तुमचा आलेख बरोबर तिथेच सपाट होतोय. शॉर्टवर शून्य येतं आणि धन बाजूला ९.३० येतं, म्हणजे कार्डाचा कन्व्हर्टर धडधाकट आहे. ±१० ला १२ बिटची एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची, त्यामुळे एका शतांशाचा फरक म्हणजे जेमतेम दोन पायऱ्या.

आता एसएमपीएसच्या लेबलवर −१२ समोर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. नव्या एसएमपीएसमध्ये बहुतेक ०.३ असतात. आजच्या मदरबोर्डाला −१२ जवळजवळ लागतच नाही, म्हणून ती बाजू नावापुरती ठेवलेली असते, आणि तिचं नियमनही बहुधा बाकीच्या व्होल्टेजच्या आधाराने होतं. तुम्ही दुसरा एसएमपीएस लावला तोही त्याच प्रकारचा होता, म्हणून फरक पडला नाही.

अ‍ॅम्प्लिफायर कार्डावरून सोडवा आणि त्यांना स्वतःचा ±१२ किंवा ±१५ चा लिनियर सप्लाय द्या. दोन गोष्टी सांभाळा. नव्या सप्लायचा ग्राउंड कार्डाच्या अ‍ॅनालॉग ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडा, टर्मिनल पट्टीवर. अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याकडून दुसरी तार यंत्राच्या लोखंडाला गेली असेल तर ती सोडवा, नाहीतर रीडिंगवर मेन्सची गुणगुण चढेल. आणि सुरू करताना आधी कॉम्प्युटर, मग अ‍ॅम्प्लिफायर, बंद करताना उलट. कार्डाला वीज नसताना इनपुटवर १० व्होल्ट आले तर तो प्रवाह मल्टिप्लेक्सरच्या (चॅनेल निवडणाऱ्या चिपच्या) संरक्षक डायोडमधून वाट काढतो. असे मेलेले मल्टिप्लेक्सर मी स्वतः बदलले आहेत. फक्त ०, १, २ चॅनेल गेलेले आणि बाकीचे शाबूत, हे त्याचं लक्षण.

---

शून्यपातळी | मंगळवार, रात्री ९:३५

विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. माझा यूएसबीवाला डेटा लॉगर अर्ध्या-पाऊण तासाने डिस्कनेक्ट होतो, केबल काढून लावली की परत चालतो. हाही सप्लायचाच प्रश्न का?

---

सोल्डरगन | मंगळवार, रात्री ९:४५

@शून्यपातळी, दोन्ही तपासा. हबमधून जोडला असेल आणि हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर त्याच्या प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच मिळतात. थेट यूएसबी २ पोर्टवर ५००, यूएसबी ३ वर ९००. आणि ऑपरेटिंग सिस्टिम वीज वाचवायला पोर्ट झोपवते: डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढा, पॉवर प्लॅनमध्ये सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. पुढचं नव्या धाग्यात विचारा, इथे एक यंत्र बंद पडून आहे.

---

लोहचुंबक | मंगळवार, रात्री १०:१५

लेबलवर −१२ ला ०.३ अँपिअरच आहे. अ‍ॅम्प्लिफायर सोडवून मोजलं तर कपॅसिटरवर −११.९ झालं आणि बॅटरी −९.३१ च दाखवते! प्रयोगशाळेतला लिनियर सप्लाय उद्या लावते.

आता राहिलं थांबणं. रुटीन असं आहे (शब्दांत लिहिते): स्टेटस वाचतं, त्यातून चॅनेल नंबर काढतं, डेटाचे दोन बाइट वाचतं, बफरमध्ये ठेवतं, पोर्ट २० हेक्सवर २० हेक्स लिहून ईओआय देतं आणि परततं. कार्डावर १६ सॅम्पलचा फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारी साठवण) आहे. पुस्तिकेत एक वाक्य आहे: फिफोत काही असेपर्यंत इंटरप्ट लाइन वरच राहते.

काल आणखी एक लक्षात आलं, महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही. कीबोर्डला हात लावला नाही तर ते जास्त वेळ चालतं.

---

कर्णरेषा | मंगळवार, रात्री ११:००

अगदी महत्त्वाचं आहे! कीबोर्ड यूएसबीचा आहे ना? जुन्या कॉम्प्युटरला गोल पिनचा पीएस/२ असणार.

डॉसला यूएसबी कळत नाही. म्हणून बायोस 'यूएसबी लेगसी सपोर्ट' नावाने पीएस/२ कीबोर्डाचं सोंग घेतं. त्यासाठी ते प्रोसेसरला सिस्टिम मॅनेजमेंट मोडमध्ये खेचून नेतं. तो इंटरप्ट सगळ्यांच्या वरचा असतो, सीएलआयने (इंटरप्ट बंद करायच्या आज्ञेने) अडत नाही आणि डॉसला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे काहीशे मायक्रोसेकंद सहज जातात. तुमची सॅम्पल २०० मायक्रोसेकंदांनी येतात.

आता रुटीन बघा. नेहमी फिफोत एक सॅम्पल असतं, तुम्ही एक वाचता, फिफो रिकामा होतो, लाइन खाली जाते. पुढचं सॅम्पल आलं की लाइन वर, म्हणजे नवी कड, नवा इंटरप्ट. बायोसने एकदा ३०० मायक्रोसेकंद घेतले की फिफोत दोन सॅम्पल साठतात. तुम्ही एकच वाचता. दुसरं आत राहतं, म्हणून लाइन वरच राहते. ती खाली गेलीच नाही तर नवी कड कुठून येणार? कंट्रोलर कडेची वाट बघत बसतो, कार्ड तुम्ही येण्याची वाट बघत बसतं. फिफो भरून वाहतो आणि सगळं तिथेच थिजतं. प्रोग्रॅम चालू आणि आकडे बंद, हे त्यामुळेच.

दुरुस्ती चार ओळींची आहे. स्टेटसमधला 'फिफो रिकामा' बिट येईपर्यंत लूपमध्ये वाचत राहा, आणि मगच ईओआय. ईओआयनंतर स्टेटस आणखी एकदा बघायची गरज नाही: शेवटच्या वाचनाने फिफो रिकामा होऊन लाइन खाली गेलेली आहे, त्यानंतर आलेलं सॅम्पल नवी कड देणारच आणि कंट्रोलर ती धरून ठेवेल. सोबत ओव्हररनचा (फिफो भरून वाहिल्याचा) बिटही दर वेळी तपासून एका काउंटरमध्ये मोजा. काउंटर अनसाइन्ड लाँग घ्या. टर्बो सीमध्ये साधा इंट १६ बिटचा असतो, सेकंदाला ५,००० च्या वेगाने अनसाइन्डसुद्धा तेरा सेकंदांत उलटतो.

बायोसमध्ये लेगसी सपोर्ट बंद करून पीएस/२ कीबोर्ड लावा, पण ते नंतर. आधी लूप घाला आणि लेगसी चालू ठेवूनच तपासा, नाहीतर दुरुस्ती खरी झाली की नाही ते कळणार नाही.

---

टोकदार | बुधवार, सकाळी ८:२०

इंटरप्ट काढूनच टाकला तर? मुख्य लूपमध्ये फिफो वाचत राहायचं. १६ सॅम्पल म्हणजे ३.२ मिलिसेकंदांची उसंत आहे. कड वगैरे प्रश्नच येत नाही.

---

कर्णरेषा | बुधवार, सकाळी ९:०५

@टोकदार, तर्क बरोबर आहे, आणि प्रोग्रॅम फक्त वाचतच असता तर मीही तेच सुचवलं असतं. पण हा स्क्रीनवर आलेख काढतो आणि डिस्कवर लिहितो. डिस्कच्या एका लिखाणात डॉस ३.२ मिलिसेकंदांहून जास्त वेळ सहज घेतं. तेवढ्यात फिफो वाहून जाईल. इंटरप्ट डिस्कच्या मध्ये घुसू शकतो, मुख्य लूप घुसू शकत नाही.

---

जुनं_वळण | बुधवार, सकाळी १०:३०

कर्णरेषांचं निदान पटलं. रुटीन वाचूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते कीबोर्डाच्या एका वाक्यावरून त्यांनी पकडलं.

लोहचुंबक, स्कोप असेल तर एक करून पाहा. रुटीनमध्ये शिरताना कार्डाचा एक डिजिटल आउटपुट बिट १ करा, बाहेर पडताना ०. स्कोप त्यावर लावा आणि कीबोर्ड बडवा. जे आम्ही इथे शब्दांत सांगतोय ते डोळ्यांनी दिसेल.

---

लोहचुंबक | गुरुवार, रात्री ९:५०

दिसलं!

स्कोपवर दर २०० मायक्रोसेकंदांनी एक बारीक खांब उभा राहतो, अगदी कुंपणासारखी एकसारखी ओळ. कळ दाबली की त्या ओळीत एक फट पडते. बहुतेक फटी ३५०-४०० च्या, एक मी ५२० ची पाहिली. फटीनंतरचा खांब जाड, कारण तिथे लूप दोन सॅम्पल वाचतं. जुन्या रुटीनवर हेच लावलं, कळ दाबत बसले, आणि एका फटीनंतर पुढचा खांब आलाच नाही. सपाट रेघ. आठवडाभर मला छळणारा क्षण तो.

आता आकडे. लूप घातलं, लेगसी चालूच ठेवलं, यूएसबी कीबोर्ड तसाच. काल रात्री सहा तास चालवलं: सॅम्पल १०,८०,००,०००, इंटरप्ट १०,७९,९७,४१२. म्हणजे २,५८८ सॅम्पल दुसऱ्याच्या पाठीला पाठ लावून वाचली गेली. जुन्या रुटीनमध्ये त्यांतल्या पहिल्याच जागी थांबलं असतं. ओव्हररन शून्य. आज लेगसी बंद करून पीएस/२ कीबोर्डावर परत सहा तास चालवलं, तर फरक फक्त ६ चा.

अ‍ॅम्प्लिफायर लिनियर सप्लायवर आहेत, ग्राउंड टर्मिनल पट्टीवर एकाच ठिकाणी. डब्याकडून यंत्राच्या सांगाड्याला एक तार खरंच जात होती, ती सोडवली. शॉर्टवर आकडा आता ० वरच उभा असतो. ताणण्याचा आलेख −९.८ पर्यंत सरळ रेषेत गेला, तिथे माझी स्प्रिंग संपली.

सोल्डरगन, एक शंका राहिली. −११.९ वर तुमच्या हिशोबाने −१०.२ पर्यंतच पोहोचतं, म्हणजे टोकाशी जागा फार थोडी आहे. कार्डावर ±१५ चा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवायची मोकळी जागा छापलेली दिसते, पण तो भाग लावलेलाच नाही. तो लावावा का?

---

सोल्डरगन | गुरुवार, रात्री १०:३०

जागा छापलेली आहे म्हणजे कार्ड बनवणाऱ्यांनी दोन्ही पर्याय ठेवले होते. पण घाई करू नका. तो कन्व्हर्टर +५ वरून चालतो आणि त्याच्या स्विचिंगचा आवाज थेट ऑप-अँपच्या सप्लायवर येतो. सोबतचे इंडक्टर आणि कपॅसिटरही लावावे लागतील, आणि ±१२ चे जंपर आधी काढावे लागतील, नाहीतर दोन सप्लाय एकमेकांवर आदळतील. तुमचं काम −९.८ पर्यंत आहे आणि ते सरळ येतंय. दर महिन्याला तीच उलटी बॅटरी लावून पाहा, मीटर आणि स्क्रीनमध्ये दोन पायऱ्यांहून जास्त फरक दिसला तर त्या कन्व्हर्टरचं बघू. कार्डाच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मात्र आत्ताच काढून ठेवा, जंपर कुठल्या कुठल्या जागी आहेत ते दिसेल असा.

---

लोहचुंबक | गुरुवार, रात्री १०:४०

काढला. जंपरची यादी, बायोसचं ते पान आणि रुटीनची नवी प्रत यंत्राच्या फाईलमध्ये लावली आहे. काका, कर्णरेषा, सोल्डरगन, मनापासून आभार. उद्या सकाळी यंत्र कामाला लागतंय.